राग आवरणे आणि ख्रिस्ती विश्वास: तरुणांना वचनासोबत कोणता अभ्यास द्यावा?

जैतूनवृक्ष

सर्व सभासदांना सलाम. नगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत ‘राग’ या विषयावर चार संध्याकाळचे वर्ग घेण्याची जबाबदारी पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवली आहे. विषय मुलांनीच मागितला आहे, त्यामुळे तो वरवर उरकण्याची माझी इच्छा नाही.

या मुलांना वचने पाठ आहेत. ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश आणि रागास मंद असावे, हे याकोबाच्या पत्रातील सांगणे संडे स्कूलपासून त्यांच्या तोंडी आहे. मृदू उत्तराने कोप शमतो, हे नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायातील वचन तर आमच्या सभागृहाच्या भिंतीवरच लिहिलेले आहे. तरीही त्याच भिंतीखाली क्रिकेटच्या संघनिवडीवरून दोन मुलांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली, आणि त्या क्षणी ते वचन कोणालाही आठवले नाही.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. साक्षीच्या सभेत कोणीतरी उठून ‘प्रभूने माझा राग काढून घेतला’ असे सांगतो, आणि ते खरेही असेल. पण ज्याचा राग गेलेला नाही तो मुलगा मागच्या बाकावर बसून आपल्या विश्वासातच खोट आहे असे मानू लागतो. माझे मत असे आहे की राग आवरणे बहुतेकांना शिकावे लागते, आणि विश्वास हा त्या शिकण्याला आधार देतो. आपण प्रत्यक्ष काय करता, आणि त्यात विश्वासाचा वाटा नेमका कोणता, हे कृपया सविस्तर लिहावे.

दीपमाळ

जैतूनदादा, आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण ‘शिकावे लागते’ या शब्दांशी मी सहमत नाही. माझे वडील गावात तापट म्हणून ओळखले जात. आम्ही भावंडे त्यांच्या सायकलची घंटा ऐकून पुस्तके घेऊन बसत असू, ती अभ्यासासाठी नव्हे. एका उपास-प्रार्थनेच्या सभेनंतर ते बदलले. कोणताही वर्ग नाही, कोणतीही तालीम नाही. गलतीकरांस पत्रात इंद्रियदमन हे आत्म्याचे फळ म्हटले आहे. मनुष्याच्या कसरतीचे नव्हे. तरुणांना प्रयत्नांच्या मागे लावले तर ते स्वतःवर विसंबतील आणि थकतील. त्यांना प्रार्थनेत गुडघ्यांवर आणा, एवढेच माझे सांगणे आहे.

मोहरीचा दाणा

मी मिरजेत परिचारिका आहे. आमच्या कामात राग रोज समोर उभा असतो. रात्रपाळीला रुग्णाचे नातेवाईक घाबरलेले असतात, त्या भीतीचे रूपांतर आरडाओरड्यात होते आणि ती सगळी आरडाओरड टेबलाशी बसलेल्या सिस्टरच्या वाट्याला येते.

मी जे करते ते अगदी लहान आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे आम्हाला बंधनकारक असते. नळ सोडला की मी स्तोत्र १४१ मधील तिसरे वचन मनात म्हणते: माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचे दार सांभाळ. साबण तळहातावर, मग बोटांच्या बेचक्यांत, मग अंगठ्याभोवती, मग नखांखाली, असा ठरलेला क्रम असतो आणि तेवढ्या वेळात ते वचन दोन-तीन वेळा म्हणून होते. कोणी चिडून बोलत असेल तर मी ‘हात धुऊन येते’ एवढेच म्हणते. कोणालाही ते वावगे वाटत नाही, आणि मला श्वास घ्यायला जागा मिळते.

दीपमाळताई, मीही प्रार्थनेवरच विसंबते. पण प्रार्थनेची जागा आधीच ठरलेली असल्यामुळे ती वेळेवर ओठांवर येते. रागाच्या भरात प्रार्थना शोधायला गेले तर सापडत नाही.

पोथीघर

दीपमाळताईंनी वडिलांविषयी लिहिले ते मनापासून मान्य करूनही, शास्त्रात दुसरी वाटही स्पष्ट दिसते हे नोंदवावेसे वाटते. याकोब आणि योहान या भावांना प्रभूने गर्जनेचे पुत्र असे नाव दिले होते, हे मार्काच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते प्रभूबरोबर गावोगाव फिरले, त्याचे शिक्षण त्यांनी ऐकले, आणि तरीही लूकच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने उतरायला जागा नाकारली तेव्हा ‘आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करावे काय?’ असे विचारण्यापर्यंत त्यांचा संताप गेला. प्रभूने त्यांना धमकावले आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. शिष्यत्व काढून घेतले नाही. पेत्राने तर वल्हांडणाचे भोजन प्रभूच्या पंक्तीला करून त्याच रात्री, प्रभूला धरायला आलेल्यांपैकी मल्खाचा कान कापला.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा तापटपणा लपवलेला नाही, तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात एकाएकी विरघळला असे त्या कुठेही भासवत नाहीत. त्याच माणसाची ईश्वरभक्ती, गोरगरिबांविषयीचा कळवळा आणि रागानंतरचे निर्मळ मनही त्याच पानांवर आहे. इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली साक्ष आपल्या सभांमध्ये फार क्वचित ऐकायला मिळते. तरुणांना तो भाग जरूर वाचून दाखवावा.

एक वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, घरात पंढरीची वारी आहे, पण हा धागा आस्थेने वाचतो आहे. आमच्याकडे नाथमहाराजांची कथा लहानपणापासून सांगतात: पैठणला गोदावरीत स्नान करून येताना एक जण पुन्हा पुन्हा अंगावर थुंकतो आणि नाथ दर वेळी शांतपणे पुन्हा स्नानाला जातात. माझी शंका अशी आहे की संताची अशी गोष्ट ऐकून सामान्य माणसाला बळ येते की आपण तिथपर्यंत पोहोचणार नाही म्हणून तो हात टेकतो? आपल्याकडे येशूच्या क्रूसावरील क्षमेविषयीही असेच होत असेल का?

पोथीघर

वाटसरूदादा, प्रश्न रास्त आहे. टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यामुळे या धाग्यावर आपले येणे परके वाटण्याचे कारण नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे शास्त्र दोन्ही प्रकारच्या गोष्टी सांगते. क्रूसावरील क्षमा आहे, आणि त्याच शास्त्रात रुसलेला संदेष्टा योनाही आहे. निनवे शहराला देवाने क्षमा केली म्हणून योना इतका रागावला की त्याने मरण मागितले. देवाने त्याला झिडकारले नाही. तुझे हे रागावणे बरे आहे काय, असे विचारले, आणि पुढे सावलीचे झाड वाळल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुस्तक देवाच्या प्रश्नावरच संपते, योनाचे उत्तर आपल्याला कळत नाही. कैनालाही आधी प्रश्नच विचारला होता: तू का संतापलास, तुझे तोंड का उतरले? भावाला मारण्याच्या आधी त्याला थांबण्याची जागा दिली गेली होती. आपला राग देवापुढे तपासायला ठेवायचा, एवढे तर सामान्य माणसालाही जमण्यासारखे आहे.

बावखल

मी वसईचा, वाडीत केळी आणि भाजीपाला करतो. आमच्याकडे रागाची कारणे ठरलेली असतात: बांध, पाण्याची पाळी आणि वाटणी. माझ्या वडिलांचे आणि काकांचे विहिरीवरच्या मोटरपंपावरून बिनसले. एका उन्हाळ्यात पाळी कोणाची यावरून बोलाचाली झाली, कोणीतरी पाइप उपसून टाकला, आणि त्यानंतर दोन्ही घरे एकाच देवळात जाऊन वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसू लागली. आम्ही मुले चुलतभावंडांशी शाळेत बोलायचो आणि घरी सांगायचो नाही.

मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या कॅथोलिक उपासनेत, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी शांतीचे चिन्ह देतात, हे येथील प्रॉटेस्टंट बंधुभगिनींनाही ठाऊक असेल. बाबा त्या वेळी मागे वळत, शेजाऱ्यांना हात जोडत, पण रांगेच्या पलीकडे पाहत नसत. एका उपवासकाळात आमच्या धर्मगुरूंनी मत्तयच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन केले: वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. फादरांनी एक गोष्ट ठासून सांगितली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असे तेथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असे म्हटले आहे. म्हणजे मी रागावलेलो नाही असे म्हणून सुटका होत नाही. ज्याला माझा राग सोसावा लागला त्याच्याकडे मला जायचे आहे.

बाबा त्या रविवारी ख्रिस्तशरीर घेण्यास पुढे गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी पाण्याच्या पाळीचा कागद लिहिला. सकाळची पाळी, जी सगळ्यांना हवी असते, ती काकांच्या नावे लिहिली आणि कागद घेऊन ते एकटेच गेले. आत काय बोलणे झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. तो कागद पुढे पंपाच्या खोलीत, स्विचच्या वर, कितीतरी दिवस चिकटवलेला होता, आणि काकांनी त्यावर खाली स्वतःच्या अक्षरात आठवड्यातून एक सकाळ परत आमच्या नावे लिहिली होती.

बाबांचा स्वभाव त्यानंतर गरीब झाला असे नाही. आवाज चढायचा. पण चढलेल्या आवाजानंतर ते कोणाकडे तरी जायचे, आणि हे आम्ही पाहिले. जैतूनदादा, तुमच्या मुलांना हे ‘जाणे’ शिकवा, अशी माझी विनंती आहे.

खडूफळा

बावखलदादा, फार मोलाचे लिहिले आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांना सांगितले आहे की मुलांना चिरडीस आणू नका. लेकरांनी आज्ञा पाळावी हे वचन आपण घराघरांत ऐकवतो, पण त्याच्या पुढचे हे वचन किती व्यासपीठांवरून ऐकले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. रागाचा वर्ग फक्त तरुणांसाठी का? त्यांच्या आईवडिलांनाही चौथ्या संध्याकाळी बोलवावे. रागाची भाषा मुले घरातच शिकतात.

शलोमी

मी कौटुंबिक हिंसाचाराने त्रासलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करते, आणि या धाग्यावर एक गोष्ट अजून कोणी मांडली नाही म्हणून लिहीत आहे. वाचताना ती कडू वाटेल.

आमच्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी अनेक जणी आधी मंडळीत जाऊन आलेल्या असतात. तेथे त्यांना सांगितले जाते की त्याचा स्वभाव तापट आहे, तू प्रार्थना कर, तू मृदू उत्तर दे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. नीतिसूत्रांतील जे वचन रागावणाऱ्याच्या शिकवणुकीसाठी आहे ते मार खाणारीच्या गळ्यात अडकवले जाते. मग तो एके दिवशी रडून साक्ष देतो, पंच त्याला मिठी मारतात, आणि ती घरी जायला तयार नसेल तर कठोर मनाची ठरते.

मला दोन गोष्टी स्पष्ट म्हणायच्या आहेत. ज्याचा राग कार्यालयात साहेबांसमोर आवरतो, रस्त्यावर पोलिसांसमोर आवरतो आणि फक्त घरात बायकोसमोर आवरत नाही, त्याचा प्रश्न रागाचा नाही, सत्तेचा आहे. तेथे श्वासाचे व्यायाम आणि पाठांतर पुरेसे नाही. दुसरे असे की पश्चात्तापाला योग्य अशी फळे द्या, असे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सांगितले होते, आणि जक्कय या जकातदाराने नुसती क्षमा मागितली नाही, ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करीन असे तो सर्वांसमोर म्हणाला. हात उगारणाऱ्या माणसाचा पश्चात्ताप पाहायचा तर तो पत्नीला वेगळे राहण्याची, माहेरच्यांशी बोलण्याची, स्वतःचे पैसे हाताळण्याची मोकळीक देतो का, ते पाहावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि त्यांचा आधार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. हे वाक्य आपल्या वर्गात मुलींच्या कानावर पडले पाहिजे, आणि मुलग्यांच्याही.

दीपमाळ

शलोमीताई, आपले लिहिणे वाचून मी बराच वेळ विचार केला. माझ्या वडिलांविषयी एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. सभेनंतर ते बदलले हे खरे, पण आईला त्यांच्यासमोर निर्धास्तपणे बोलायला पुढे बराच काळ लागला, आणि त्यांनी त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही. ‘तुझा विश्वास बसेपर्यंत मी थांबेन’ असे ते म्हणत. देवाने एका रात्रीत हृदय पालटले, या माझ्या मतावर मी ठाम आहे. मात्र त्या पालटलेल्या हृदयालाही वाट पाहावी लागली, हे मान्य करते.

पोथीघर

येथे एक जुना मतभेद सांगणे उपयोगी होईल, कारण राग मुळातच पाप आहे की नाही यावर वर्गात प्रश्न येणारच.

चौथ्या-पाचव्या शतकातील वाळवंटवासी साधूंनी रागाला फार कठोरपणे वागवले. अब्बा अगाथोन म्हणत की रागीट माणसाने मेलेल्यांना उठवले तरी तो देवाला मान्य नाही. जॉन कॅसियन यांनी मठवासीयांसाठी लिहिताना रागावर एक संपूर्ण भाग खर्ची घातला आहे आणि न्याय्य कारणासाठी आलेला रागही माणसाची दृष्टी आंधळी करतो असे म्हटले आहे. रागाला त्यांनी मोकळीक दिली ती केवळ स्वतःच्या पापांविरुद्ध. उलट, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले की विवेकाच्या ताब्यात असलेला राग योग्य असू शकतो आणि जेथे रागावायला हवे तेथे मुळीच न रागावणे हाही दोष होऊ शकतो. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करताना प्रभूने सभोवारच्यांकडे रागाने पाहिले असे लिहिले आहे, आणि त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्न झाला असेही लिहिले आहे. मला ती जोडी महत्त्वाची वाटते. ज्या रागात समोरच्याविषयी दुःख उरलेले नाही त्याला येशूने मंदिरातील व्यापाऱ्यांवर चाबूक उगारल्याचा दाखला देऊ नये.

कॅसियन यांचे एक निरीक्षण तर मी अनेकांना सांगितले आहे. माणसांपासून दूर एकांतात गेलो तर राग येणारच नाही, असे वाटणाऱ्यांना ते सांगतात की एकांतातही आपल्याला लेखणी फार जाड किंवा फार बारीक असल्याचा राग आला, चाकूला धार नसल्याचा राग आला, गारगोटीतून ठिणगी लवकर पडेना म्हणून तिला शिव्या द्याव्याशा वाटल्या. लोक बदलले, जागा बदलली, म्हणून राग सुटत नाही. जी मुले म्हणतात की घर सोडून पुण्याला गेलो की मी शांत होईन, त्यांच्यासाठी हे आहे.

खडूफळा

पोथीघर, गारगोटीचा राग वाचून मला आमच्या वर्गातले अडकलेले प्रोजेक्टर आठवले. मुलांना हा दाखला लगेच पटेल.

राग बाहेर काढून टाकावा, उशीवर बुक्के मारावेत, अशी एक समजूत आहे, तिच्याविषयीही लिहितो. ओहायो स्टेट विद्यापीठाचे ब्रॅड बुशमन हे यावर अनेक वर्षे संशोधन करीत आहेत. बुक्के मारल्याने राग उतरत नाही, उलट टिकतो किंवा वाढतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. २०२४ साली सोफी केयर्विक आणि त्यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे, या उपयोगी ठरल्या आणि उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग दिसला नाही. मोहरीताईंचे हात धुणे त्या कसोटीला उतरते.

आपल्या विषयाच्या अधिक जवळचा त्यांचा दुसरा अभ्यास २०११ चा आहे. त्यात विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर मुद्दाम अपमानास्पद शेरे देऊन त्यांना चिडवण्यात आले. मग कर्करोगाने आजारी असलेल्या एका विद्यार्थिनीची हकिगत वाचायला देऊन काहींना तिच्यासाठी पाच मिनिटे प्रार्थना करायला सांगितले, तर काहींना नुसता तिच्याविषयी विचार करायला सांगितले. प्रार्थना करणाऱ्यांचा राग अधिक उतरला. याच संशोधनातील दुसऱ्या एका प्रयोगात, ज्याने चिडवले त्याच्यासाठीच प्रार्थना केल्यावर चिडलेल्यांचा आक्रमकपणा कमी झाला. शत्रूंसाठी प्रार्थना करा, ही आज्ञा खरी ठरवायला प्रयोगशाळेची गरज आहे असे मी म्हणत नाही. पण शंका घेणाऱ्या मुलासमोर हे ठेवण्यास हरकत नाही.

एक वाटसरू

ज्याच्यावर संताप आहे त्याच्यासाठी प्रार्थना करताना माणूस म्हणतो तरी काय? ‘याचे भले कर’ असे ओठांनी म्हणून मनात उलटेच चालू असेल तर तो दांभिकपणा होणार नाही का?

मोहरीचा दाणा

वाटसरूदादा, मी त्या वेळी चांगले शब्द शोधत बसत नाही. स्तोत्रसंहितेत शापाची स्तोत्रे आहेत. स्तोत्र १०९ वाचून पाहावे. वैऱ्याचे आयुष्य थोडे होवो, त्याची मुले पोरकी होवोत, इतके उघड तेथे बोलले आहे. ते वाचले की कळते, देवासमोर राग सभ्य कपडे घालून न्यावा लागत नाही. जे त्या माणसाच्या तोंडावर बोलले तर घर मोडेल ते देवासमोर बोलता येते. सगळे बोलून झाल्यावर मी त्या व्यक्तीचे फक्त नाव घेते. त्याचे भले कर असे म्हणवत नसेल तर म्हणत नाही, नाव घेऊन गप्प राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढचे शब्द येतात.

पोथीघर

कॅथोलिक मंडळीच्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून १९७१ च्या सुधारणेत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे वगळली गेली. त्यामागील काळजी समजते, पण मोहरीताईंचा अनुभव वाचून ती एकांतातील प्रार्थनेत तरी राहावीत असे माझे मत झाले आहे.

बावखल

आमच्या फादरांनी प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मला एक जुना अभ्यास दिला होता, तो येथे देतो. तो इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातला आहे, जे १५४८ साली छापले गेले. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्या दोषापासून जपण्याचे ठरवायचे. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन कागदावर आखलेल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. आज आणि काल, हा आठवडा आणि मागचा आठवडा यांची तुलना करायची. आणि दिवसभरात जेव्हा जेव्हा तो दोष घडेल तेव्हा हात छातीवर ठेवून मनात खेद करायचा. चारचौघांतही ते कोणाच्या लक्षात न येता करता येते, असे इग्नेशियस लिहितात.

त्या हात ठेवण्याचा उपयोग मला सर्वांत अधिक झाला. बाजारात दलालाशी बोलताना आवाज चढू लागला की हात आपोआप छातीकडे जातो, आणि कित्येकदा दोष घडण्याच्या आधीच जातो.

शलोमी

ठिपक्यांच्या कागदाविषयी एक सूचना. काही मुले, विशेषतः ज्यांनी घरी मार खाल्लेला आहे, ती ठिपके पाहून स्वतःचा द्वेष करू लागतात. त्यांना ठिपक्याखाली कारणही लिहू द्यावे: भूक लागली होती, झोप झाली नव्हती, अपमान झाला, भीती वाटली. पुष्कळदा रागाच्या खाली भीतीच सापडते, आणि भीतीवरचा उपाय वेगळा असतो.

पोथीघर

शलोमीताईंच्या सूचनेला फ्रान्सिस द सेल्स यांचा आधार आहे. जिनिव्हाचे हे बिशप त्यांच्या सौम्यतेसाठी ओळखले जातात. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिजीवनावरील पुस्तकात दोन गोष्टी लागोपाठच्या अध्यायांत आहेत. पहिली, रागाच्या भरात काही केले असे लक्षात येताच त्याच व्यक्तीशी ताबडतोब सौम्यतेची एखादी कृती करावी, कारण जखम ताजी असतानाच भरते. दुसरी, स्वतःशीही सौम्य असावे. काही जण रागावल्याबद्दल स्वतःवर रागावतात, आणि मग त्या रागाबद्दल पुन्हा रागावतात. हे दोन अध्याय एकत्रच वाचावेत.

तसेच सहाव्या शतकातील बेनेडिक्ट यांच्या मठनियमात सकाळच्या आणि सायंकाळच्या उपासनेच्या शेवटी प्रमुखाने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे सांगितले आहे, आणि कारणही दिले आहे: एकत्र राहणाऱ्यांमध्ये भांडणाचे काटे उगवतच असतात, आणि ‘जशी आम्ही क्षमा केली आहे’ हे शब्द म्हणताना ते उपटले जावेत. रोज दोन वेळा, म्हणजे भांडणे रोज होणार हे त्यांनी गृहीत धरले होते.

जैतूनवृक्ष

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येऊन माझी मांडणी आपल्यासमोर ठेवतो, कारण पाळकसाहेबांना ती शनिवारपर्यंत द्यायची आहे.

पहिल्या संध्याकाळी योना आणि कैन, आणि देवाने दोघांना विचारलेला प्रश्न. वचने पाठ करून न घेता प्रत्येकाने आपल्या मागच्या रागाला तोच प्रश्न लेखी विचारायचा, कागद कोणालाही दाखवायचा नाही. दुसऱ्या संध्याकाळी अभ्यास: मोहरीताईंप्रमाणे रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला एक वचन जोडायचे, बावखलदादांचा छातीवरचा हात, आणि शलोमीताईंच्या सूचनेसह ठिपक्यांचा कागद. तिसऱ्या संध्याकाळी मत्तयचा पाचवा अध्याय. या वेळी एक जागा रिकामी ठेवतो: कोणाला उठून समेटासाठी जायचे असेल तर त्याने वर्ग सोडून जावे, मी हजेरी लावणार नाही. चौथ्या संध्याकाळी आईवडील येतील, इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचू, आणि घरातील हिंसेविषयी बोलण्यासाठी शलोमीताईंच्या क्षेत्रातील एखाद्या भगिनीला बोलवण्याची परवानगी मी पंचांकडे मागणार आहे.

दीपमाळताई, साक्षींसाठीही वेळ ठेवला आहे. आपल्या वडिलांची साक्ष आपण लिहून दिलीत तर मी ती वाचून दाखवीन. आईंना लागलेला वेळ आणि वडिलांचे थांबणे, हा भाग त्यात असावा.

दीपमाळ

आईला विचारून लिहिते. तिच्या बाजूचे ती स्वतः सांगायला तयार झाली तर तिचेच शब्द पाठवीन, माझे नाही.

शलोमी

चौथ्या संध्याकाळविषयी सावध करते. आईवडील आणि मुले एकत्र बसलेली असताना घरातील माराविषयी कोणाला थेट प्रश्न विचारू नये. त्याची किंमत त्या मुलाला घरी गेल्यावर मोजावी लागते. माहिती सर्वांना सारखी द्यावी, १८१ हा क्रमांक सर्वांच्या कागदावर छापलेला असावा, आणि बोलायचे असेल त्याला नंतर एकटे येता यावे म्हणून कोणीतरी सभागृहात थांबावे. पंचांनी नकार दिला तर मला कळवा, मी पाळकसाहेबांशी बोलते.

बावखल

तिसऱ्या संध्याकाळी जो मुलगा उठून जाईल त्याला जाण्यापूर्वी एवढे सांगा की समोरचा दार उघडीलच असे नाही. बाबा गेले त्या आधी काकांनी एकदा निरोप परत पाठवला होता. रिकाम्या हाताने जाऊ नये, हेही सांगा. ज्यावरून भांडण झाले त्यातलाच काही वाटा सोडून देता येत असेल तर तो सोबत न्यावा.